भीमाकाठचा मासा आणि चंद्रोदयाची वेळ

पंढरपूर–टेंभुर्णी रस्त्यावरील करकंबसारख्या गावातील माणसास तिथी शिकवावी लागत नाही. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या विठ्ठलाच्या चारही यात्रा शुद्ध एकादशीच्या. त्यामुळे चांदणे वाढते आहे की उतरते आहे याचा हिशेब येथे पंचांग न उघडताही घराघरांत चालू असतो. तथापि हाच मनुष्य गळ घेऊन नांदोरे, पेहे, आव्हे या बाजूस भीमेच्या एखाद्या डोहावर जाऊन बसला, अथवा वर उजनीच्या जलाशयावर गेला, म्हणजे चंद्राविषयी त्याच्या कानी दोन परस्परविरुद्ध मते पडतात. एक जण सांगतो की, अवसेच्या काळोखात मासा जाळ्यात जितका शिरतो तितका एरवी शिरत नाही. दुसरा तितक्याच खात्रीने म्हणतो की, पुनवेला पाणी उजळले म्हणजे मासा रात्रभर चरत राहतो आणि म्हणून तीच रात्र गळाची. दोघेही जन्म पाण्याकाठी घालविलेले असतात, दोघांच्याही डोळ्यांनी पाहिलेले खोटे नसते. आणि नवशिका मात्र कोणाचे ऐकावे या विवंचनेत पडतो.

या गोंधळाचा उलगडा करावयाचा तर प्रथम समुद्राची गोष्ट समुद्राकडे आणि नदीची नदीकडे ठेविली पाहिजे. चंद्र आणि मासेमारी यांच्या संबंधाविषयी जे ज्ञान महाराष्ट्रात परंपरेने चालत आले आहे, त्यातील फार मोठा भाग कोकणकिनाऱ्यावरचा आहे आणि तेथे तो अक्षरशः खरा आहे. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येते, भरती मोठी आणि ओहोटीही खोल होते, यास तेथील लोक उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास हीच हालचाल मंदावते, तो भांग. खाडीच्या तोंडाशी वा किनाऱ्याजवळ खुंटांना बांधलेले डोल जाळे प्रवाहाने येणारा मासा पोटात घेते. प्रवाह जोराचा असेल तर जाळे भरते, प्रवाह मेला तर ते लोंबकळत राहते, आणि म्हणून बोंबील धरणाऱ्या कोळ्याचा सारा महिना उधाण-भांगाच्या तालावर चालतो. मुंबईच्या बाजूस तर भरतीची वेळ काढण्याची एक सुटसुटीत रीत आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, जे तास येतील त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा येतो, त्याच्यामागून भरतीही तितकीच मागे सरते, आणि पाऊण तासाचा हा ठोकताळा त्या पन्नास मिनिटांना पुष्कळ जवळ जातो.

ही विद्या घाट चढून जशीच्या तशी सोलापूर जिल्ह्यात आणली की फसगत होते. कारण चंद्राची ओढ सर्वत्र तीच असली तरी तिचा परिणाम दिसण्यास पाण्याचा विस्तार सागराइतका लागतो. उत्तर अमेरिकेतील महासरोवरे ही गोड्या पाण्याचे समुद्रच म्हणावीत अशी, परंतु तेथेही भरती-ओहोटीचा फरक पाच सेंटिमीटरांच्या आतच राहतो. आपली उजनी महाराष्ट्रात मोठी खरी, 1980 साली पूर्ण झालेल्या या धरणाच्या यशवंतसागरात सुमारे 117 टीएमसी पाणी मावते. पण त्या पाण्यावर चंद्राच्या ओढीपेक्षा दुपारचा वारा अधिक चढउतार करतो. तेव्हा ‘आज उधाणाची तिथी, म्हणून भीमेचा मासा हलणार’ असे कोणी सांगू लागला तर ते समुद्रापुरते समजावे.

मग चंद्राचे भीमेवर काहीच चालत नाही काय? चालते, आणि ते मोठ्या सूक्ष्म रीतीने चालते. मात्र ओढीने नव्हे, उजेडाने. नदीतील आणि धरणातील माशाच्या दृष्टीने चंद्र म्हणजे रात्री उगवणारा व मावळणारा प्रकाश, आणि तो केव्हा येतो, किती तीव्र असतो व किती वेळ टिकतो, एवढ्याच तीन गोष्टी त्याच्या चरण्यावर व हालचालीवर परिणाम करतात. आपल्या मुलखातील मासेमाराने म्हणूनच तिथीच्या नावापेक्षा चंद्रोदय आणि चंद्रास्त यांच्या वेळा जाणाव्यात, हे मला आग्रहपूर्वक सांगावयाचे आहे.

उजेडाच्या तीव्रतेविषयी एक समज प्रथम दूर केला पाहिजे. अष्टमीस अर्धे बिंब दिसते म्हणून पौर्णिमेच्या निम्मा उजेड पडत असेल असे कोणासही वाटेल. वस्तुतः तो सुमारे दशांशच असतो, कारण बाजूने उन्हे पडलेल्या चंद्रपृष्ठावर डोंगरांच्या आणि विवरांच्या लांबलचक सावल्या पसरलेल्या असतात. याचा व्यवहारातील अर्थ असा की, माशास जाणवावे असे खरे चांदणे महिन्यातून थोड्याच रात्री, साधारणपणे शुद्ध द्वादशीपासून वद्य तृतीया-चतुर्थीपर्यंत पडते. बाकीच्या रात्री पाण्याखाली जवळजवळ काळोखच समजावा. पुन्हा पौर्णिमेचे चांदणे झाले तरी ते सूर्यप्रकाशाच्या सुमारे चार लाखांश, म्हणजे मुळातच क्षीण. पाणी गढूळ असेल तर ते वरच्या थरातच विरून जाते. याची परीक्षा कोणालाही करता येईल. एका पांढऱ्या ताटलीस मध्यभागी भोक पाडून दोरी बांधावी, दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी घालाव्यात, खाली थोडे वजन लावावे, आणि भर दुपारी ताटली सावकाश पाण्यात सोडीत कितव्या गाठीस ती दिसेनाशी होते ते पाहावे. दोन विती जाण्यापूर्वीच ती नाहीशी झाली, तर त्या पाण्यावर चंद्राचा विचार सोडून द्यावा. सहा-सात विती दिसत राहिली, तर पुढे जे सांगतो आहे ते कामास येईल.

चांदण्याच्या पाण्यावरील परिणामाचे मला माहीत असलेले सर्वांत उद्बोधक उदाहरण आफ्रिकेतील मोझांबिक देशाचे आहे. तेथील काहोरा बासा या धरणाच्या जलाशयात ग्लिविच नावाच्या पोलिश शास्त्रज्ञाने सूक्ष्म जलजीवांची संख्या चंद्रकलेबरोबर वाढते व घटते असे दाखवून दिले आणि 1986 साली ते प्रसिद्ध केले. हे सूक्ष्म जीव दिवसा माशांच्या भयाने खोल दडतात आणि अंधार पडल्यावर वर येतात. पौर्णिमेच्या आधीच्या दिवसांत सूर्य मावळतो त्या वेळी चंद्र आकाशात असतोच, त्यामुळे ते सावध राहतात; परंतु पौर्णिमा उलटली की सूर्यास्त आणि चंद्रोदय यांच्यामध्ये काळोखाची एक फट पडते. त्या फटीत ते निर्धास्तपणे वर येतात, आणि मग एकाएकी चंद्र उगवतो. उघड्यावर सापडलेल्या त्या जीवांचा लहान मासे फडशा पाडतात. तिकडेच करिबा सरोवरावर दिव्याच्या उजेडाने मासळी गोळा करून पकडणारे लोक पौर्णिमेच्या दिवसांत होड्या काठाला लावून बसतात, कारण चांदण्यापुढे दिव्याचे आकर्षण उरत नाही. आपल्याकडे घरोघर पोहोचलेली चिलापी हीदेखील मूळची त्याच मुलखातली, 1952 साली भारतात आणलेली. आफ्रिकेतील जलाशयाचा नियम उजनीस तंतोतंत लागू होईलच असे मी म्हणणार नाही. पण सूक्ष्म जीवांवर जगणारा कटला आपल्याकडेही आहे, अंधाराची ती फट आपल्याकडेही पडते, आणि वद्य पक्षाच्या प्रारंभीच्या संध्याकाळींकडे आपण लक्ष द्यावे इतका आधार त्यातून निश्चित मिळतो.

ही फट मोजण्याचे साधन प्रत्येक घराच्या भिंतीवर टांगलेले आहे. संकष्टीचा उपवास चंद्रदर्शनानंतर सोडावयाचा, म्हणून वद्य चतुर्थीची चंद्रोदयाची वेळ मराठी दिनदर्शिकेत छापलेली असतेच. ती बहुधा रात्री नऊच्या मागेपुढे असते. त्या वेळेतून प्रत्येक मागच्या दिवसास पन्नास मिनिटे वजा करावीत, पुढच्या दिवसास पन्नास मिळवावीत, म्हणजे त्या सबंध आठवड्याचे चंद्रोदय कामापुरते हाती येतात. द्वितीयेस सूर्यास्तानंतर तासाभराने, तृतीयेस दोन तासांनी, चतुर्थीस पावणेतीन तासांच्या सुमारास. आणि वद्य अष्टमीस तर चंद्र मध्यरात्रीच डोके वर काढतो. शुद्ध पक्षात याच्या उलट चंद्रास्त पाहावयाचा. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्री मावळतो, एकादशीचा पहाटे अडीच-तीनला, आणि त्यानंतर उजाडेपर्यंत खरा अंधार.

आता जाळ्याची गोष्ट. पाण्यात उभे लावून ठेवावयाचे नायलॉनचे जाळे मासा ते न दिसल्यामुळेच अडकतो या एका तत्त्वावर चालते. स्वच्छ पाण्यात भर चांदण्यात ते पाहिले तर वरच्या हातभर भागातील धागे ओल्या कोळिष्टकासारखे चमकतात, गाठी तर अधिकच. मासा जवळ येतो, थबकतो आणि कडेने निघून जातो. म्हणून पुनवेच्या आसपास संध्याकाळी जाळे टाकून पहाटेपर्यंत ते तसेच ठेवण्याची सवय सोडावी. वद्य तृतीया ते पंचमी या दिवसांत दिवेलागणीस जाळे लावावे आणि चंद्र उगवून थोडा वर आला की काढून घ्यावे. त्या दोन-तीन तासांत जे मिळावयाचे ते बहुतांशी मिळून जाते, आणि रात्रभर जाळ्यात राहून मासा मरून मऊ पडण्याचे नुकसानही टळते, ज्याचा परिणाम सकाळी बाजारात भावावर लगेच दिसतो. शुद्ध एकादशी-द्वादशीस उलट क्रम धरावा. पहिली रात्र झोप घ्यावी आणि चंद्र मावळल्यावर पाण्यावर जावे. पौर्णिमेच्या रात्री जाळे लावणे भागच असेल तर ते खोल बाजूस लावावे किंवा झाडांची, कड्याची सावली पडते तेथे.

गळाचे शास्त्र वेगळे, कारण येथे माशाने आमिष शोधून काढावयाचे असते. कोणता मासा डोळ्याने शोधतो आणि कोणता वासाने, हे कळले की चंद्राचा अर्धा प्रश्न सुटतो. चिलापी ही दिवसाची मासळी. सूर्य मावळला की ती शांत होते, तिच्यासाठी तिथी पाहण्याचे कारण नाही. रोहू आणि मृगळ यांच्याकरिता शेंगदाण्याच्या पेंडीचा अथवा कणकेचा गोळा वापरतात, ते तळाशी वासाने येतात, आणि उजाडताना व मावळताना येतात. मरळ दबा धरून बसणारा शिकारी, त्याला उजेड हवा. शेवाळाच्या आणि पाणगवताच्या कडेला सांजवेळी तो हमखास हालतो. वाम मात्र दिवसभर दगडाखाली व चिखलात दडून राहून अंधारात बाहेर पडणारी, आणि शिंगाळ्यासारखे मिशावाले मासेही तसेच. त्यांना पाहावे लागत नाही, मिशा आणि घ्राणेंद्रिय पुरेसे असते. यांच्यासाठी अमावास्येच्या अलीकडची-पलीकडची रात्र, तळाशी सोडलेले गांडूळ आणि काठावर संपूर्ण अंधार, हा योग साधावा. काठावरचा अंधार म्हटला तो मुद्दाम. आमच्याकडे पुष्कळ लोक अमावास्या गाठून येतात आणि मग दर पाच मिनिटांनी मोबाईलचा प्रखर दिवा पाण्यावर फिरवून बूच हलते आहे का ते पाहतात. ज्या अंधारासाठी आले तो स्वतःच्याच हाताने घालवितात. बूच न पाहता दोरी बोटावर धरून बसण्याची सवय लावावी.

आरंभी उल्लेखिलेल्या दोन मतांचा निवाडा येथे होतो. अवसेचा कैवारी बहुधा जाळेवाला असतो किंवा वाम धरणारा, पुनवेचा कैवारी उथळ, नितळ पाण्यात डोळ्याने शिकार करणाऱ्या माशाच्या मागे असतो. प्रत्येकाने आपल्या माशाचे सांगितले, एवढेच.

परंतु भीमाकाठी चंद्राहूनही बलवान अशा काही गोष्टी आहेत, आणि त्या विसरून चंद्राचा हिशेब मांडणे व्यर्थ होय. पहिली गोष्ट धरणातून सुटणारे पाणी. करकंबच्या बाजूची भीमा आता स्वतःच्या मर्जीने वाहत नाही. उजनीतून आवर्तन सुटले की ती वाहते, सोलापूर शहराच्या पिण्यासाठी पाणी सोडले की वाहते, आणि पावसाळ्यात वीर धरणाचे पाणी नीरेवाटे नरसिंहपूरच्या संगमावर येऊन मिळाले म्हणजेही ती चढते. थिजलेल्या डोहात नवे पाणी शिरले की मासा जागा सोडतो, प्रवाहाच्या तोंडाकडे जातो, चरू लागतो. आता पाहा, वारीच्या निमित्ताने चंद्रभागेत पाणी असावे म्हणून ते सोडतात, आणि वारी असते शुद्ध एकादशीची, चांदण्यातली. त्या दिवसांत ज्याला मासा लागला तो घरी जाऊन चांदण्याचा गुण सांगतो. वास्तविक तो गुण पाटबंधारे खात्याने उचललेल्या दरवाजाचा असतो. चंद्राविषयीच्या कित्येक ठाम समजुती अशाच तयार झाल्या असाव्यात असे मला वाटते.

दुसरी गोष्ट प्राणवायूची. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी उतरत असल्यामुळे उजनीचे पाणी हिरवे होते हे आता कोणापासून लपलेले नाही. हिरव्या पाण्यातील शेवाळ दिवसा प्राणवायू निर्माण करते आणि रात्री स्वतःच तो खाते. म्हणून वैशाख-ज्येष्ठात, विशेषतः वारा पडलेल्या ढगाळ रात्रीनंतर, सूर्योदयाच्या आधी पाण्यातील प्राणवायू अगदी तळाला जातो आणि मासा पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतो. ‘मासा वर आला’ म्हणून जे लोक आनंदाने गळ सरसावतात त्यांच्या पदरी निराशा येते, कारण तो मासा भुकेला नसून गुदमरलेला असतो. शेततळ्यात मासे सोडलेल्या बागायतदारांनी तर असे दृश्य दिसताच तिथीवार न पाहता ताजे पाणी उपसून उंचावरून तळ्यात पाडावे आणि त्या सकाळचे खाद्य बंद ठेवावे.

फोनवरील कोष्टकांविषयी अनेक जण विचारतात. चंद्र डोक्यावर किंवा पायाखाली असताना मोठा काल, उगवताना व मावळताना छोटा काल, अशी मांडणी अमेरिकेतील जॉन आल्डेन नाइट यांनी 1926 साली केली, आणि आज दिसणारी माशांच्या चिन्हांची सर्व कोष्टके तिच्यावरून निघालेली आहेत. त्यांतील चंद्रोदय-चंद्रास्ताच्या वेळा बिनचूक असतात, त्या जरूर घ्याव्यात. पण मासा किती लागेल याचे जे भाकीत त्यांत असते ते आपल्या पाण्याची पातळी, त्याचा रंग आणि आकाशातील ढग यांपैकी काहीच न पाहता केलेले असते, तेवढे बाजूस ठेवावे. त्याऐवजी एक साधी वही करावी. तारीख आणि तिथी, चंद्र केव्हा उगवला वा मावळला, आभाळ, वारा, पाणी चढते की उतरते, ताटली कितव्या गाठीस बुडाली, कोणते आमिष, कोणता मासा. आणि रिकाम्या हाताने परतलेली रात्र आवर्जून लिहावी, कारण मनुष्य यशाच्या रात्री तिथीसकट लक्षात ठेवतो आणि फुकट गेलेल्या विसरतो. पाच-सहा पक्षांची अशी नोंद झाली की आपल्या डोहापुरते आपले कोष्टक तयार होऊ लागते.

पावसाळ्यासंबंधी मात्र वेगळे सांगितले पाहिजे. मृगाच्या व आर्द्राच्या पावसात पहिले लोंढे आले म्हणजे चढणीचे मासे प्रवाहाविरुद्ध ओढ्यानाल्यांत शिरतात. ही त्यांची अंडी घालण्याची धाव असते, पोटे भरलेली असतात, आणि त्या वेळी ते हाताने धरता येतील इतके बेसावध असतात. रोहू, कटला, मृगळ यांस अंडी घालण्यासाठी पुराचे वाहते पाणीच लागे. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाच्या टोचणीने त्यांचे प्रजोत्पादन घडवून आणले, तेव्हापासून कोंडलेल्या पाण्यातही बीज मिळू लागले आणि आपली धरणे बोटुकली सोडून भरता येऊ लागली. हे खरे असले तरी वाम, मरळ, शिंगाळा असे आपले गावठी मासे आजही नदीच्या आश्रयावरच वाढतात. चढणीचे पहिले दिवस सोडून द्यावेत. मरळीची जोडी लालसर पिलांच्या घोळक्याभोवती फिरताना दिसली तर तेथे गळ टाकू नये. आईबाप गेले की घोळका इतर माशांच्या तोंडी पडतो. आणि बारीक आसाचे जाळे, ज्यात बोटाएवढी बोटुकली अडकते, ते कोणत्याही तिथीस पाण्यात उतरवू नये.

रात्रीच्या पाण्याविषयी शेवटी. उजनीचा विस्तार संध्याकाळी आरशासारखा शांत दिसतो आणि वळवाच्या वाऱ्याने घटकाभरात खवळतो. 21 मे 2024 रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. होडीत असो की थर्माकोलच्या तराफ्यावर, अंगात तरंगते जाकीट असल्याखेरीज काठ सोडू नये, चैत्र-वैशाखात पश्चिमेकडे ढग भरून आले तर सूर्यास्तापूर्वीच परतावे. मासेमारीचा परवाना कोणाकडून घ्यावयाचा आणि त्या पाण्याचा मक्ता कोणत्या संस्थेकडे आहे याची चौकशी आधीच करून ठेवावी. नदीकाठी बसणाऱ्याने धरणातून विसर्ग वाढविल्याची बातमी आली आहे का हे गावातून निघण्यापूर्वी विचारावे. आली असेल तर वाळवंटातील खडकावर किंवा बेटावर बसण्याचा बेत त्या रात्रीपुरता रद्द करावा, मग अवस असो की पुनव.